उजव्या पोटरीवरचा अंगठा

सोनोग्राफी म्हटली की पोटभर पाणी प्यायचं, एवढंच मला ठाऊक. म्हणून त्या सकाळी दोन बाटल्या रिचवून गंगापूर रोडवरच्या सेंटरला पोचलो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "काका, पायाच्या डॉपलरला पाणी लागत नाही." बायको दुसरीकडे बघून हसली. माझ्या अकलेची झेप कळावी म्हणून हे सांगतोय... आणि हेही, की भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

झालं होतं असं — दिंडोरीला साडूच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळीला अडखळून पडलो, डावा पाय मुरगळला. मग सोफ्यावर लोळणं हेच काम. सूज उतरेना, तेव्हा आमच्या डॉक्टरांना शिरेत गुठळी झाल्याची शंका आली. "ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आजच डॉपलर करा."

टेबलावर आडवा झालो. डॉक्टर मॅडम डाव्या पायाला गार जेल लावून प्रोब दाबत होत्या. "दाबल्यावर शीर चपटी झाली की समजायचं, तिथे गुठळी नाही." तेवढ्यात माझी उजवी पोटरी कोणीतरी दाबली. गुडघ्याच्या मागे, जरा खाली. सावकाश, अंगठ्याने. परत त्याच जागी.

"अगं, तो पाय नाही!" मी बायकोवर खेकसलो.

ती दाराजवळ खुर्चीत बसलेली, मांडीवर पर्स. माझ्या उजवीकडे नुसती भिंत.

"डावा क्लिअर आहे काका, उठा."

"उजवा बघा."

"दुखतोय?"

"नाही."

"सुजलाय?"

"नाही. पण बघा."

"अहो, चिठ्ठीवर डावाच आहे. बाहेर पेशंट थांबलेत—"

"बघितल्याशिवाय मी उठणार नाही." पोटात दोन बाटल्या पाणी असताना असं म्हणायला जिगर लागते!

मॅडमनी नाइलाजाने प्रोब लावला. त्याच जागी शीर चपटी होईना. पुन्हा दाबला... त्यांचा चेहरा बदलला. लगेच आमच्या डॉक्टरांना फोन, अ‍ॅडमिट, छातीचं सीटी अँजिओ. फुप्फुसात काही पोचलं नव्हतं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली.

मॅडम म्हणाल्या, स्नायू आखडला असेल. असेल. पण स्नायूला अंगठा कुठून आला?

वॉर्डात बायकोने माझ्या उजव्या पायावर हलकेच हात ठेवला. "असा होता?"

"नाही. जड होता."

तिने पांघरूण माझ्या पायांवर नीट ओढलं आणि म्हणाली, "जे कोणी होतं, त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, आता येऊ नका... पुढचं मी बघते."