आक्कांचं परसदार

कशालाही हात लावायच्या आधी आक्का एक पाऊल मागं सरकायच्या, कमरेत वाकायच्या आणि ती जागा नीट न्याहाळायच्या. मगच हात पुढं. दुसरं कुणी हात घालताना दिसलं की लांबूनच विचारायच्या, "बगितलं का?" गोवऱ्या असोत, कोंबड्यांचं खुराडं असो, कोपऱ्यातला खराटा असो की दाराबाहेर काढलेली चप्पल असो, प्रश्न एकच. कुलूप लावल्यावर तीनतीनदा ओढून बघणारी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. आपण त्यांना हसतो. मीही आक्कांना हसले आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. कासार आंबोलीच्या पलीकडं, पौड रस्त्यापासून आत एका लहान गावात मला शिक्षिकेची नोकरी लागली. मी तेवीस वर्षांची, पुण्यात वाढलेली, घर सोडून पहिल्यांदाच एकटी राहणारी. आक्कांच्या घराला लागून मागच्या बाजूला एक खोली होती, ती मला भाड्यानं मिळाली. आक्कांचं वय पन्नाशीच्या आसपास. नवरा कधीच गेलेला. घरात मुलगा आणि सून. गाव त्यांना आक्का म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले.

त्यांच्यासारखं परसदार मी दुसरं पाहिलं नाही. सरपण जमिनीवर नसायचं. चार खांब रोवून गुडघाभर उंच माळा केलेला, त्यावर लाकडं. भिंतीला टेकवून काही ठेवायचं नाही. घेवड्याचा मांडव डोक्याच्या वर. मोरीमागं आक्कांनी लावलेली केळ, तिच्या बुडाशीही पाला साठू द्यायचा नाही. सांडलेला दाणा संध्याकाळच्या आत वेचलेला, कारण दाण्याला उंदीर येतो आणि उंदरामागं तो येतो. 'साप' हा शब्द त्या उच्चारत नसत.

माझी आई पहिल्यांदा मला भेटायला आली तेव्हा ती खाटेवर बसणार, तेवढ्यात आक्कांनी तिचा दंड धरला, गादी उचलून झटकली, उशी उलटी केली आणि म्हणाल्या, "बसा आता." आईला तो अपमान वाटला. पाहुणी बसायच्या आधी कुणी गादी झटकतं का, असं ती परत जाईपर्यंत म्हणत होती. एकदा शाळेच्या तपासणीला आलेले साहेब चहाला थांबले, तर त्यांचे बूटही आक्कांनी काठीवर उचलून उलटे केले. एका बुटातून मोजा पडला, दुसऱ्यातून काही नाही. साहेब हसले. आक्का हसल्या नाहीत.

त्यांच्या मुलीची गोष्ट मला सुनेनं सांगितली. मुलगी सोळा वर्षांची होती, लग्न ठरलेलं. चुलीसाठी भिंतीलगतच्या ढिगातून लाकूड ओढताना घोणस चावली. आक्कांच्या सासऱ्यांनी आणि दिरांनी विष उतरावं म्हणून तिला शेजारच्या गावच्या देवळात नेऊन निजवलं. आक्का पुण्याला नेऊ या म्हणत राहिल्या, कुणी ऐकलं नाही. दिवस मावळायच्या आत मुलगी गेली. लाकडं आक्कांनीच रचलेली होती.

हे ऐकल्यावर मी हसायचं सोडलं. पण वय असं होतं की दुसऱ्याचं दुःख कळलं तरी आपली हौस सुटत नव्हती. मला फुलझाडं हवी होती. ओढ्यातले गोल दगड आणून, त्यांच्या फटीत नेचे आणि शेवंती लावून खोलीसमोर एक छोटा ढीग करायचा, असं माझ्या मनात होतं. वर्षभर आक्कांनी करू दिलं नाही. दगडात फट असते, एवढंच म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. त्याच सुमाराला माझं ठरलेलं लग्न मोडलं. मी अंथरुणात भिंतीकडं तोंड करून पडून असायची. आक्का मुगाचं कढण आणायच्या, वाटी संपेपर्यंत उशाशी बसायच्या. आधी मला "बाई, तुमी" म्हणायच्या, त्या दिवसांत कधीतरी "तू" म्हणायला लागल्या. बरी होऊन मी उठले तर ओढ्यातले दगड दारात आणून ठेवलेले. आक्कांनी मुलाकडून आणवले होते.

"घाल तुजा बगीचा," त्या म्हणाल्या. "पर भिंतीपासनं लांब. आन गवात वाढू द्यायचं न्हाई."

मी खूश झाले. दर रविवारी आक्का काठीनं एकेक दगड हलवून बघायच्या, मी शेवंतीला पाणी घालायची. आई पुन्हा आली तेव्हा तिला तो बगीचा फार आवडला.

मग पावसाळा आला. श्रावण गेला आणि दगडांच्या फटीत गवत हातभर वाढलं. आक्कांनी मला दोनदा आठवण केली. मी दोन्ही वेळा म्हणाले, रविवारी काढते.

त्या रविवारी सकाळी मी उंबऱ्यात बसून मुलांच्या वह्या तपासत होते. सून धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती, मुलगा शेतात. आक्का खुरपं आणि काठी घेऊन आल्या. मी बसल्या जागेवरून म्हणाले, राहू द्या आक्का, मी करते. पण उठले नाही. एवढी एक वही संपवून उठू, असा विचार होता.

त्यांनी काठीनं गवत हलवलं, वाकून बघितलं आणि खुरपायला बसल्या. थोड्या वेळानं सूं असा लांब आवाज आला.

"तुजा कुकर शिट्टी द्याया लागलाय," त्या खुरपता खुरपता म्हणाल्या.

आईनं दिलेला कुकर रोज त्याच वेळेला चढलेला असायचा. मी आत वळून बघितलं. स्टो मी अजून पेटवलाच नव्हता.

परत वळले तेव्हा आक्का मातीत बसल्या होत्या. उजवा हात डाव्या हातात धरलेला. तर्जनीच्या मुळाशी दोन ठिपके, त्यांतून रक्त येत होतं. जाडजूड, तपकिरी, अंगावर साखळीसारखी नक्षी असलेलं जनावर सावकाश दगडांत शिरत होतं.

"घोणस हाय," आक्का म्हणाल्या. "पळू नको. हाक मार त्येला." त्येला म्हणजे मुलाला. आणि मग त्या उठल्या, दहापंधरा पावलं चालत गेल्या आणि पुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सावलीसाठी असेल, असं मला वाटलं.

मुलगा आला, भावकी जमली. आक्कांचे चुलत दीर म्हणाले, देवळात नेऊ या.

"मागल्या येळी तुमचं आयकलं," आक्का दिराला म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "आता मला सडकंला न्या."

बाजेवर घालून त्यांना रस्त्यावर नेलं. दुधाचा टेम्पो मिळाला. मागं मी, मुलगा आणि मध्ये आक्का. हात मनगटापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. मुलानं विचारलं, "कुटं चावलं गं आये?"

"मोरीच्या मागं," आक्का म्हणाल्या. "केळीच्या बुडात."

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. मी गप्प बसले. ओट्यावर त्या का चालत गेल्या, ते मला तेव्हा कळलं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी सूज खांद्यापर्यंत चढली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तिसऱ्या दिवसापासून लघवी होईना. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगू लागले की मूत्रपिंडावर विष उतरलं आहे.

मध्ये एक दिवस मी गावी आले. लांब पहार घेऊन, दूर उभी राहून दगड एकेक करून पाडले. आत काही नव्हतं. ते घमेल्यानं ओढ्यात नेऊन टाकले, शेवंती उपटली. त्या आठवड्यात सगळं गावच आपापलं परसदार साफ करत होतं, त्यामुळं मला कुणी काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगा चहाला खाली गेला आणि आम्ही दोघीच राहिलो. मी विचारलं, आक्का, खोटं का सांगितलंत?

बोलताना ओठ कोरडे पडत होते. मी पाण्याचं बोट लावलं.

"माजी पोरगी गेली तवापासनं मला इचारत्यात, सरपण कुणी रचलं हुतं," त्या म्हणाल्या. "तोंडानं न्हाई इचारत. पर इचारत्यात. तुला कुणी इचारू नये."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "उठ, नर्सबाई येतीया," म्हणाल्या आणि डोळे मिटले. माझी चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढं मी हे पुष्कळदा आठवून बघितलं आहे. तसं म्हटलं असतं तर मला ते खरं वाटलं नसतं, हे त्यांना ठाऊक असणार.

नवव्या दिवशी पहाटे आक्का गेल्या.

तेरावा झाला. त्यानंतरच्या सकाळी परसात कुऱ्हाडीचा आवाज आला म्हणून मी खिडकी उघडली. मुलगा मोरीमागं केळीच्या बेटावर घाव घालत होता. एकेक खोड पाडलं, मग कुदळ घेऊन बुडं खणली, मुळं उपटून बाहेर फेकली. खड्डा कमरेएवढा झाला तरी तो खणतच होता. मधेच थांबून कुदळीच्या दांड्यावर कपाळ टेकायचा आणि पुन्हा सुरू करायचा. जिथं काहीच घडलं नव्हतं, ती जागा तो ऊन चढेपर्यंत खणत राहिला. मी खिडकीत उभी होते. दोनदा दारापर्यंत गेले, दोनदा परत फिरले.

दुपारी दारात सावली पडली. तो उभा होता, अंगभर चिखल, खांद्यावर केळीचा कच्चा घड.

"बाई, ह्यो तुमी ठेवा," तो म्हणाला. "आयेनं लावलेली केळ. आमच्यानं खाववायची न्हाई. तुमी लई केलंत तिचं."

त्याला सांगायचं म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याचे डोळे सुजलेले होते. मी दोन्ही हात पुढं केले आणि तो घड घेतला. फार जड होता.