गावात उरलेल्यांचे जमादार

१८ फेब्रुवारी. सकाळपासून खोकी उघडते आहे. जिल्ह्याहून नवं सामान आलंय : लाइफ जॅकेटं, दोरांची वेटोळी, घडीची स्ट्रेचरं, प्रथमोपचाराच्या पिशव्या, एक टॅबलेट, नवी मार्गदर्शक पुस्तिका आणि छाती दाबण्याच्या सरावाचे दोन पुतळे. या पुतळ्यांच्या खांद्यावर दिवा आहे. नीट दाबलं की हिरवा होतो, कमी पडलं की तांबडा. मी तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात कंत्राटावर प्रशिक्षणाचं काम बघते. सामान ताब्यात घेणं, त्यावर नंबर टाकणं आणि गावोगावी पोचवणं माझ्याकडेच असतं. एरवी अशा वेळी जमादार शेजारच्या खुर्चीत बसून प्रत्येक वस्तूला नावं ठेवत असत. ते जाऊन तीन आठवडे होतील. मघाशी नांदूरघाटाकडून एक फोन आला. त्याचं काय करायचं हे ठरवण्याआधी जमादार काय माणूस होता, ते एकदा नीट मांडून बघावं म्हणून खोकी बाजूला सारून लिहायला बसले आहे.

जमादार कधी पळाले नाहीत. सगळी नोकरी अग्निशामक दलात काढलेला माणूस, पण त्यांना पळताना कुणी पाहिलं नाही. त्यांचं पद जमादाराचं नव्हतंच, काहीतरी वेगळं लांबलचक होतं. निवृत्तीनंतर गेवराईला घरी आले, आमच्याकडे प्रशिक्षक म्हणून लागले आणि गावोगावच्या लोकांनी त्यांना जमादार करून टाकलं. ते म्हणायचे, "पळत आलेल्याला दम लागतो. दम लागलेल्या माणसाला समोर काय झालंय ते दिसत न्हाई." एकदा आमच्याच कार्यालयात सराव होता. भोंगा वाजला तशी सगळी कचेरी जिन्यावरून धावत सुटली. जमादार सगळ्यांच्या शेवटी, सावकाश, हातात एक लेडीज चप्पल घेऊन खाली आले. "ही कुणाची? आपत्ती यायच्या आदीच एक पाय मुरगाळलाय आपला." चप्पल माझी होती.

सरावाचा फोटो ही आमच्या खात्यातली मोठी भानगड. फोटो चांगला यावा म्हणून लोक चुकत नाहीत, आणि चुकत नाहीत म्हणून शिकतही नाहीत. जमादारांनी यावर आपला तोडगा काढला होता. ते गावात गेले की आधी फोटो उरकायचे. सरपंचाला दोराचं एक टोक धरायला लावायचे, हार घालून घ्यायचे, फोटोवाल्याला चहा पाजून वाटेला लावायचे आणि मग बाह्या सारायचे. "हं. आता चुकायला मोकळे."

गावात बसल्याबरोबर त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "दुपारी गावात कोण असतंय?"

"सगळेच की," सरपंच म्हणायचे.

"सगळे म्हंजे कोण? नावं सांगा."

नावं सांगता सांगता सरपंच अडखळायचे. कोण रानात, कोण तालुक्याला, कोण परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्यांवर. जमादार हसायचे नाहीत. नावं पाठ करायचे. पुढच्या खेपेला त्या माणसाला नावानं हाक मारायचे, आणि तो चकित व्हायचा.

तरी आमची पहिली चूक झालीच, आणि ती जमादारांच्या देखत झाली. नांदूरघाटाजवळच्या एका वाडीत आम्ही पथक उभं केलं. नियमाप्रमाणे अठरा ते चाळीस वयाची धडधाकट पोरं निवडली. पावसाळ्याआधी शिकवलं, पोरं चांगली तयार झाली. साहित्याची खोली बाळू नावाच्या पथकप्रमुखाच्या ताब्यात दिली. दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली, आणि आमचं सगळं पथक कोयते, भांडी, बायका, लहानगी पोरं घेऊन ऊसतोडीला निघून गेलं. बीड जिल्ह्यात जन्म काढलेल्या आम्हा दोघांच्या हे आधी डोक्यात येऊ नये, याचं आजही मला नवल वाटतं. थंडीत गावाबाहेर कडब्याच्या गंजीला आग लागली. आम्ही जीप काढून पोचलो तर खोलीला कुलूप. जमादारांनी बाळूला फोन लावला.

"बाळू, चावी कुठंय रे?"

"हाय की माझ्यापाशी. करदोड्याला बांधलीय. तुमीच म्हणलाव न्हवं, जिवापाड जपा?"

"आन् तू कुठं हायेस?"

"उसाच्या फडात. कर्नाटकात."

कुलूप दगडानं फोडलं. गंजी गेली, शेजारचा गोठा वाचला. मला वाटलं, आता बाळूच्या नावानं शिव्या ऐकायला मिळतील. जमादार बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग म्हणाले, "पोराचं काय बी चुकलं न्हाई, ताई. चुकलो आपण. आपण गावाला शिकवलंच न्हाई. कारखान्याला शिकवलं."

दुसऱ्या दिवशी ते परत वाडीवर गेले आणि उरलेल्यांना गोळा केलं. उरलेल्या म्हणजे सासवा. लेकसुना फडावर गेल्या की नातवंडं, शेळ्या आणि घराच्या कड्या सांभाळणाऱ्या. त्यांच्यात पुढारी गयाबाई. साठीच्या आसपासची, दोन लेक आणि दोन सुना तोडीला, तीन नातवंडं हिच्या गळ्यात. तिनं स्वतः उमेदीची सगळी वर्षं तोडणी केली होती. कंबर गेली तेव्हा घरी राहिली.

"जमादार, आमाला कशाला हे सोंग?" ती म्हणाली. "आमचं वय आता दुसऱ्यानं आमची छाती दाबायचं हाय."

"दाबायला माणूस पायजे ना. हाय का कुणी गावात?"

गयाबाईनं इकडं तिकडं बघितलं. "न्हाई."

"मग बसा खाली."

तेव्हाचा पुतळा जुना होता, गोरापान, रंगवलेल्या केसांचा. बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. "ह्यो सायेब मेलाय का झोपलाय?" त्यांच्यातली सुंदराबाई म्हणाली. जमादार म्हणाले, "तेच आदी बगायचं असतंय." त्यांनी श्वास कसा बघायचा, १०८ ला फोन कुणी करायचा, हात कुठं ठेवायचे, दमायच्या आत दुसरीनं जागा कशी घ्यायची हे सगळं घोटून घेतलं. गयाबाई पुतळ्याला अगदी हळू दाबायची. त्याला दुखेल म्हणायची. जमादारांचा आवाज चढला : "गयाबाई, फडात मोळी उचलून डोक्यावर घेत व्हता, तवा उसाला दुखतंय का इचारत व्हता का?" तिनं त्यांच्याकडं रागानं बघितलं आणि असा जोर लावला की पुतळ्याची आतली पट्टी कडकन वाजली. "आता कसं," जमादार म्हणाले. त्यांची शाबासकी याच्या पुढं जात नसे.

आमच्या साहेबांना हे पसंत नव्हतं. साहेब वाईट माणूस नव्हते. चाळिशीपुढच्या स्वयंसेवकाला विमा नाही, काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न खरा होता. जमादारांनी तो खराच मानला. "सर, नियम बरोबर हाय. फकस्त त्या वयाचं माणूस दिवाळीनंतर गावात न्हाई. नियमाला बी मुकादमाच्या गाडीत बसवायचं का?" शेवटी ठरलं ते असं : बायकांना पाण्यात उतरवायचं नाही, उंचावर चढवायचं नाही, फक्त पहिल्या मदतीचं शिकवायचं. जमादार तेवढ्यावर थांबले नाहीत. जिल्ह्याला बैठक असली की ते हात वर करून तीच गोष्ट पुन्हा सांगायचे. लोक कंटाळायचे. आज नवी पुस्तिका चाळली. शेवटच्या परिशिष्टात ओळ आहे : ज्या गावांतून हंगामी स्थलांतर होते, तेथे वर्षभर राहणाऱ्यांना, वयाची अट न ठेवता, प्राथमिक मदतीचे प्रशिक्षण द्यावे. खाली कुणाचं नाव नाही. असतही नाही.

गेल्या महिन्यात वाडीवर उजळणी होती. जमादारांनी सकाळी चहा नको म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. स्ट्रेचर उघडून दाखवता दाखवता ते लिंबाखाली बसले आणि आडवे झाले. त्यांना अशी सवय होती. न सांगता मध्येच पडून राहायचे, कोण काय करतंय ते डोळे मिटून ऐकायचे. त्यामुळं कुणी घाबरलं नाही. गयाबाई म्हणाली, "उठा जमादार, आज पुतळा हाय की." मी वाकून बघितलं. छाती हलत नव्हती. "हे खरं आहे," मी म्हटलं.

त्यापुढं जे झालं ते शिकवल्याप्रमाणं झालं. मी फोन लावला. मी वळून बघेपर्यंत गयाबाई गुडघ्यावर बसली होती आणि मोठ्यानं मोजत होती. ती दमली तशी सुंदराबाई बसली, मग मी, मग पुन्हा गयाबाई. कुणी रडलं नाही. रुग्णवाहिका आली, तिच्यातल्या माणसांनी यंत्रानं झटका दिला, आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, "नाडी लागली." तसेच अंबाजोगाईला नेले.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि लेकीशी भांडत होते. ती पुण्याहून आली होती आणि आता गावोगाव हिंडणं बंद, असं सांगत होती. मला बघून त्यांनी छातीवर हात ठेवला.

"कुणी दाबलं?"

"आधी गयाबाईनं."

"बरगड्या मोडल्यात म्हणं दोन."

मी काहीतरी सारवासारव करायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं. श्वास घेताना दुखत होतं, त्यामुळं तुटक बोलले. "मोडल्या म्हंजे नीट दाबलं. माझ्या वयाच्या माणसाच्या मोडत्यातच. न्हाई मोडल्या असत्या, तर तुमी आता मातीला आला असता. तिला सांगा. म्हणावं, तिला आता पुतळ्याची गरज न्हाई."

पुढच्या दिवशी हृदयविकाराचा दुसरा झटका आला, त्यातून उठले नाहीत. दहाव्याला गेवराईला वाडीतलं कुणी आलं नाही. गयाबाईचा नातू तापानं फणफणलाय, असं कळलं. नव्या सामानाचा पहिला वर्ग त्यांच्याच वाडीत ठेवला होता, उद्या. निरोप तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचा, असं मी ठरवलं होतं.

आणि मघाशी तिथल्या आशा कार्यकर्तीचा फोन आला.

"ताई, उद्याचं काय खरं न्हाई. बाया येत न्हाईत म्हणायल्यात."

"का?"

"गिरणीवर लई बोलायलेत. गयाबाईनं जमादाराच्या बरगड्या मोडल्या, त्यानंच माणूस गेला म्हणून. दवाखान्यात कुणीतरी ऐकलंय. गयाबाईनं सगळ्यांना शपथ घातलीय, कुणी कुणाला हात लावायचा न्हाई. आपल्या हातनं अजून एक नको म्हणती."

फडावरून माणसं परतायला अजून महिना-दीड महिना आहे. तोवर त्या वाडीत कुणी पडलं, भाजलं, बुडालं, तर हात लावायला या बायकाच आहेत. त्यांनी हात मागं घेतला तर कुणी नाही. नव्या पुस्तिकेत यावर काही आहे का, ते शोधलं. मदत करूनही माणूस दगावला तर मदत करणाऱ्याशी बोलावं, असं अर्ध्या पानाचं आहे. बरं आहे. पण गिरणीवर काय बोलावं ते त्यात नाही.

१९ फेब्रुवारी. आज सकाळी मी स्कूटी काढली. पुतळा, टॅबलेट काही बरोबर घेतलं नाही; लागलंच तर जीप मागवू म्हटलं. गयाबाई दारात शेळीला पाला टाकत होती.

"कशाला आलाव ताई? मी न्हाई येत."

"येऊ नका. बसा तर."

ती बसली नाही. "एक सांगा. खरं सांगा. मोडली का बरगडी?"

"मोडली. एक नाही, दोन."

ती उंबऱ्यावर बसली. मग मी तिला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "बोलत व्हते? मला वाटलं, गाडीतच..."

"लेकीशी भांडत होते. दोन दिवस. तुमच्यासाठीच निरोप दिलाय." आणि त्यांचे शब्द होते तसे सांगितले.

गयाबाईनं उरलेला पाला शेळीपुढं टाकला. मग विचारलं, "कंच्या दोन?" मी तिचा हात धरून माझ्या छातीवर ठेवला आणि दाखवलं. तिनं बोटांनी चाचपून बघितलं, पदर खोचला आणि उठली.

आम्ही दोघी गिरणीवर गेलो. पाच-सहा जण डबे लावून उभे होते. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू जाईना, म्हणून मी गिरणीवाल्याला गिरणी बंद करायला लावली. जमादार काय म्हणाले ते सगळ्यांना सांगितलं. एक जण म्हणाला, "आमाला काय म्हाईत?" गयाबाई म्हणाली, "म्हाईत न्हाई तर दळायचं बघावं."

कुणी हसलं, कुणी डबा पुढं सरकवला. गिरणीवाला पिठाचे हात झटकत खाली बघत होता. चांगला उंचापुरा, पस्तिशीचा माणूस. मी त्याला म्हटलं, "दहा वाजता शाळेपुढं ये. तू तोडीला जात नाहीस."