नमुन्याला खरी पोरं

भूकंपानंतर कित्येक वर्षं आमच्या गावात लोक जमिनीकडं कान लावून जगले. खालून गुरगुर आली की ताटावरचा हात थांबायचा. औसा तालुक्यातलं आमचं गाव. पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास करून मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि हे मी चारचौघांत ताठ मानेनं सांगते. मोठ्या भावाची, दादाची, शाळा भूकंपात सुटली ती सुटलीच. त्यानं शेत सांभाळलं आणि मला शिकवलं.

पुण्याला न जाता मी लातुरातच नोकरी धरली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फ्लेक्स होते. आमचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर. मालकाला आम्ही सर म्हणायचो. क्लासवाल्यांना निकालाची वेबसाइट करून द्यायची, हे काम. रविवारी पेपर झाला की सोमवारी बापाला गावात मोबाइलवर मार्क दिसायचे. पोर कोणत्या बाकावर बसलं होतं तेसुद्धा. कॉपी पकडायला सोपं जातं म्हणून एका क्लासवाल्यानं मागितलं आणि मी ते घातलं. बाकाची सोय लातुरात फक्त माझ्या टूलमध्ये, म्हणजे मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, होती.

हे सगळं मी शून्यातून केलं असं म्हणणार नाही. वेबसाइटला लागणारं बहुतेक सामान जगात कुणीतरी फुकट ठेवलेलं असतं. सांगाडा एकाचा, लॉगिनचा भाग दुसऱ्याचा, आलेख काढणारा तुकडा तिसऱ्याचा. कोड नेटवर सगळ्यांना उघडा असतो. वाचा, वापरा, सुधारा आणि जमलं तर परत द्या. एवढं घेतलं होतं, तर आपणही द्यावं म्हणून आमचं निकालाचं टूल उघडं ठेवायचं मी ठरवलं. सर लगेच हो म्हणाले, आपलं नाव होईल. महिनाभरात परदेशातल्या कुणा अनोळखी माणसानं त्यातली एक चूक दुरुस्त करून पाठवली. मी हरखून दादाला फोन केला. त्यानं विचारलं, किती घेतले त्यानं? काहीच नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "फुकट करणाऱ्याचं मला लई भ्या वाटतंय."

मी हसले होते.

आता आमच्याकडची रीत सांगते. क्लासवाल्याला रिकामं सॉफ्टवेअर दाखवून चालत नाही. मी नमुन्यात "विद्यार्थी एक, विद्यार्थी दोन" अशी नावं भरली होती, तर एक क्लासवाला सरळ म्हणाला, "म्याडम, ही पोरं कोणत्या गावची?" सगळे हसले. त्यानंतर सरांनी दाखवायच्या कॉपीत एका चालू क्लासची अख्खी बॅच ओतली. खरी नावं, खरे मार्क, बाक, पोरांचे आणि बापाचे मोबाइल नंबर, होस्टेलची गल्ली. ओळखीची आडनावं दिसली की गिऱ्हाईक खूश व्हायचं. ही कॉपी लातूरपासून नांदेडपर्यंत पेन ड्राइव्हवरून फिरली. पुढं टूलची नवी आवृत्ती उघड्यावर टाकायची वेळ आली तेव्हा सरांनी माझं फोल्डर सोडून हेच भरलेलं फोल्डर चढवलं. मला ते कळलं माझ्या भाचीमुळं.

भाची म्हणजे दादाची थोरली पोर. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातुरात होस्टेलला होती. आधी दादाला फोन यायला लागले, तुमच्या मुलीला फिजिक्स जड जातंय, आमच्याकडं टाका. पाठोपाठ ॲडमिशनचे एजंट. मग एक माणूस थेट पोरीलाच फोन करू लागला. मार्क सांगायचा, गल्ली सांगायचा. एकदा म्हणाला, खिडकीजवळचा तेरावा बाक, ऊन लागत असेल. हे तिनं मला सांगितलं.

कोड ठेवला होता ती जागा उघडली. नमुना नावाची एक फाइल होती. थोडं खाली गेले तर आमचं आडनाव. फाइल काढून टाकली, जुन्या आवृत्त्यांतूनही उपसून काढली. पण त्याआधी किती जणांनी अख्खं उचलून नेलं होतं, कुठंकुठं, ते परत कसं आणणार? सरांना विचारलं तर म्हणाले, "उघडंच ठेवायचं होतं ना? आणि मार्क तर क्लासवालेच फ्लेक्सवर लावतात." पोलिसात अर्ज दिला. नंबर बंद लागतोय, असं उत्तर मिळालं. त्या माणसाचे फोन मात्र येतच होते, दरवेळी नव्या नंबरावरून.

दादा पोरीला न्यायलाच आला. गावात नेली की पुढं काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. वहिनीच्या माहेरकडचं एक स्थळ दिवाळीपासून ताटकळत होतं.

होस्टेलच्या बाहेर चहाच्या गाड्यापाशी आम्ही उभे होतो. दादा आवाज न चढवता म्हणाला, "तुझंच हाय ना ते?"

"टूल माझं. पोरांची नावं मी नाही टाकली."

"मग काढ की. तुला येतंय ना सगळं."

"आपल्याकडचं काढलं. लोकांनी आधीच नेलंय."

"कोणत्या लोकांनी?"

"माहीत न्हाई, दादा."

इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून गावचं "न्हाई" आलं. भाची खाली बघत बोलली, "आत्या, काल तो म्हणला, हिरवी ओढणी शोभून दिसली."

ओढणीचा रंग कोणत्याच फाइलमध्ये नव्हता. दादानं मान वळवून रस्त्यावरचा एकेक माणूस पाहिला. मीही पाहिला. क्लास सुटला होता, गर्दी होती, आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता.

मग भाची म्हणाली, "बाबा, परीक्षा झाल्यावर न्या. कुठंबी न्या."

दादानं चहा संपवला आणि म्हणाला, खोली बघू. वहिनी येऊन लेकीजवळ राहील. लातुरात अशा कितीतरी आया भाड्याच्या खोल्यांत राहून पोरांना रांधून घालतात. दुसऱ्या भागात, दोन मजली घरात खोली मिळाली. घरमालक वयस्कर, भला माणूस. म्हणाला, "इथं सगळ्या पोरीच हायत, काळजी नको. आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुप हाय. मुलीचा फोटो, आधार, क्लास, नंबर टाकून द्या, की चावी घ्या. सगळ्यांचंच हाय तिथं."

मी दादाच्या मनगटावर हात ठेवला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "खोली पायजे ना?"

खोली पाहिजेच होती. मी हात काढला. त्यानं सगळं भरून फोनवर बोट दाबलं, आणि वरच्या खोल्यांमधून एकेक करत फोन वाजत गेले.