हैमातला मुक्काम

मस्कतहून सलालाला गाडीनं जायचं म्हणजे हजारेक किलोमीटर. आम्ही राहतो त्या मस्कतच्या अझैबा भागातल्या ओळखीच्या पुरुषमंडळींत हा मोठा मिरवायचा विषय आहे. कोण किती तासांत पोहोचला, कोण फक्त पेट्रोल भरायला उतरला. माझा नवराही त्यातलाच. त्याचं म्हणणं, पहाटे निघू, यल्ला, संध्याकाळी सलाला. मी म्हटलं, आई बरोबर आहे, वाटेत एक मुक्काम होणार म्हणजे होणार. आठवडाभर आमची त्यावरून धुसफुस चालली आणि नेहमीप्रमाणे मी जिंकले.

आई तेव्हा आमच्याकडे तिसऱ्यांदा आली होती. आमचं गाव रत्नागिरीजवळ. तिचं वय बहात्तर, साखर जुनी, गुडघे त्याहून जुने. आधीच्या दोन खेपांत तिला मत्रहचा बाजार दाखवला, समुद्र दाखवला. दोन्हींना ती 'छान आहे' एवढंच म्हणाली. मग माझ्या मुलीनं तिला मोबाइलवर सलालाच्या नारळाच्या बागा दाखवल्या, रस्त्याकडेच्या शहाळ्यांच्या टपऱ्या दाखवल्या, आणि ती हरखली. लहानपणी तिनं दुसऱ्यांच्या बागांतल्या पडलेल्या झावळ्या गोळा करून, हीर सोलून खराटे बांधले होते. स्वतःचा माड आमच्याकडे कधीच नव्हता. अरबांच्या देशातले माड एकदा बघायचे, एवढं एकच तिनं आजवर माझ्याकडे मागितलं. विमानानं दीड-दोन तासांत नेलं असतं. पण येतानाच्या विमानात तिचे कान इतके दुखले होते की परत जायच्या दिवसापर्यंत विमानाचं नाव काढू नकोस, असं तिनं बजावलं होतं.

मी एका कंत्राटदार कंपनीत खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी साधी बादलीसुद्धा घेऊ देत नाही. मुक्कामाची जागाही तशीच शोधली. हैमा हे निम्म्या वाटेवरचं वाळवंटातलं गाव, तिथल्या तिन्ही हॉटेलांना फोन केले. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, त्याच्या शेजारी धरायला दांडी आहे का, एसी आवाज करतो का. एक मॅनेजर इतका कंटाळला की हिंदीत म्हणाला, मॅडम, तुम्हीच येऊन बघा. मी त्याच्याकडून बाथरूमचा व्हिडिओ मागवला आणि नवऱ्याला दाखवला. तो हसून म्हणाला, हिला सलालापेक्षा हैमाच जास्त बघायचंय. मला त्यात टोमणा दिसला नाही, कौतुकच दिसलं.

ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. आईनं सकाळी बुद्धवंदना म्हटली, अर्धी भाकरी खाल्ली, चहा घेतला आणि मागच्या सीटवर नातीशेजारी बसली. तिच्या बाजूला मी पाण्याची मोठी बाटली ठेवली. वाटेतल्या आदम गावाला पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा तिला म्हटलं, चल, जाऊन ये. ती बाथरूमच्या दारापर्यंत गेली, आत डोकावली आणि परत फिरली. म्हणाली, नाही लागली गो. मी स्वतः नाक दाबून जाऊन आले. तिथं उकिडवं बसावं लागतं आणि आईला ते जमत नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. कमोडचा प्रश्न मी हैमापुरता सोडवून टाकला होता ना.

आदमच्या पुढे काही नाही. सपाट पिवळट जमीन, मधूनच एखादा उंट, टँकर. पुढच्या पंपावरही आई उतरली नाही. लेकीनं तिच्या तोडक्या मराठीत मला सांगितलं होतं, "मम्मा, आजीनं वॉटर घेतलंच नाही." मी मोबाइलवर हॉटेलवाल्याला आमची पोहोचायची वेळ कळवत होते. म्हटलं, आजीला कळतं, ती लहान नाही.

आजीला कळत होतं, पण वेगळंच. तिच्या लहानपणी गावात दुसऱ्याच्या दारात पाणी मागितलं तर ते वरून ओंजळीत ओतत. म्हणून घराबाहेर पडलं की तहान लागूच द्यायची नाही, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. आम्हा भावंडांना तिनं ते शिकवलं नाही, स्वतः मात्र पाळत राहिली. एसटीत, लग्नात, कुणाच्याही घरी. हे मला ठाऊक होतं. आमच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आम्ही त्यावरून तिची थट्टाही करायचो.

तीनच्या सुमारास हैमाला पोहोचलो. खोली अगदी व्हिडिओतल्यासारखी निघाली. पांढऱ्या चादरी, लखलखीत बाथरूम, भिंतीला स्टीलची दांडी. मी नवऱ्याकडे विजयानं पाहिलं. आई पलंगाच्या कडेला बसली होती. मी म्हटलं, आवडली का खोली? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एसटी कितीला सुटते?"

मला वाटलं झोपेत आहे. मग तिची कोरडी ठक्क जीभ पाहिली, हात हातात घेतला, आणि नवऱ्याला हाक मारली. नवऱ्यानं तिला उचललं. खोलीत आम्ही वीस मिनिटंही नव्हतो.

गावातल्या इस्पितळात तिला लगेच सलाइन लावलं. डॉक्टरबाई विचारत होत्या, शेवटचं पाणी कधी प्यायल्या, शेवटची लघवी कधी झाली. साखर किती, औषधं कोणती, सगळं मला तोंडपाठ होतं. या दोन प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. संध्याकाळी ती नीट शुद्धीवर आली तेव्हा मी तेच तिला विचारलं.

"सकाळी," ती म्हणाली. "घरून निघताना."

मी तिच्यावर ओरडले. माझा स्वभावच तसा आहे, घाबरले की मी आधी ओरडते. सांगितलं का नाहीस, तोंड नव्हतं का तुला, आम्ही काय परके आहोत. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. आई शांतपणे ऐकत होती.

"तू इतकं सगळं ठरवलं होतंस गो," ती म्हणाली. "मध्येच कुठं गाडी थांबवायला लावू तुला?"

तिथंच दोन रात्री काढल्या. मूत्रपिंडाचे आकडे चांगले नव्हते, पुढं जाणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मस्कतचा रस्ता धरला. आता दर तासाला मी गाडी थांबवायला लावत होते आणि नवरा एका शब्दानं काही बोलत नव्हता. पंपांवरची बाथरूमं तशीच होती. शेवटी रस्त्यापासून आत गाडी घेतली, दोन्ही दारं उघडली, मधे माझी ओढणी बांधली आणि आईला काखेतून धरून उभी राहिले. तिनं सगळा भार माझ्यावर टाकला होता आणि तो भार इतका थोडा होता की मला रडू फुटलं. तिनं ते पाहिलं, पण दुसरंच काही म्हणाली. म्हणाली, घरी कुणाला सांगू नकोस हं.

महिन्याभरानं तिला गावी सोडून आले. जानेवारीत ती गेली. प्रवासात तिला सलाइन लावावं लागलं एवढंच मी भावाला कळवलं होतं; डॉक्टरांनी त्याला सांगितलं, मूत्रपिंडं साखरेमुळे आधीच खराब होत आली होती, त्या प्रवासामुळे असं म्हणता येणार नाही. भावानं ते मला फोनवर दोनदा सांगितलं. मी हो म्हटलं. मला ते पटत नाही, आणि कधी पटेल असं वाटतही नाही.

जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. जेवणं झाल्यावर शेजारची म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. आईच्याच वयाची, दोघी एकत्र खराटे बांधायला जायच्या. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, तुझी आई फार सांगायची गो, लेकीनं मला सलालाला नेलं, अरबांचे माड दाखवले, अगदी आपल्यासारखेच, फक्त बुटके. हॉटेलातल्या खोलीच्या चादरीसुद्धा किती पांढऱ्या होत्या ते सांगायची. साऱ्या वाडीला तिनं ते सांगितलं होतं.

मी मान वर केली. समोर भाऊ बसला होता, तोही ऐकत होता, आणि त्यालाही ती हेच सांगून गेली होती हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"दोन शहाळी प्यायले म्हणायची," म्हातारी म्हणाली. "एका बैठकीत. खरं काय गो?"

"हो," मी म्हटलं. "तिसरं नको म्हणाली."