बायकांकडची फोटोवाली

कळमनुरीत बसस्टँडकडून बाजाराकडं निघालं की कापडाच्या दुकानांच्या ओळीत गुलनाजचा स्टुडिओ लागतो. दुकान मुळात तिच्या वडिलांचं, महेबूबभाईंचं. ते वारले तेव्हा गाव धरूनच चाललं होतं की आता हे शटर काही उघडत नाही. घरात मागं राहिल्या दोघीच. एक आई, बिलकीस, आणि दुसरी ही, नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली. पण गुलनाजनं शटर उघडलं. कॅमेरा धरायला तिला वडिलांनीच शिकवलं होतं.

सुरुवातीला शाळेच्या पोरांचे पासपोर्ट फोटो तेवढे मिळायचे. लग्नाचं मोठं काम नांदेडची माणसं ड्रोन घेऊन येऊन करून जायची. फक्त एका जागी त्यांना जाता येत नव्हतं, बायकांच्या दालनात. मेहंदीला, हळदीला, जिथं डोक्यावरचा पदर सरकतो, जिथं पोरी नाचतात, तिथं पुरुष फोटोग्राफर कुणाला नको होता. तिथं गुलनाजला बोलावणं येऊ लागलं. आधी मोहल्ल्यातून, मग आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरांतून, डोहाळजेवणाला, बारशाला.

तिची कामाची एक रीत होती. लग्नाच्या आधी ती कॅमेरा न घेता त्या घरी जायची आणि चुलीपाशी बसायची. कोण मावशी, कोण चुलती, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोणती विधवा आत्या कोपरा धरून बसेल आणि तिला हात धरून फोटोत आणावं लागेल, हे सगळं बोलता बोलता कळायचं. उठताना ती म्हणायची, "फोटो माझ्या हातातून बाहेर जाणार न्हाईत. बिनघोर राहा." खरं तर याच एका वाक्यावर तिचा धंदा उभा होता.

कहकशाचं लग्न थंडीत झालं. कळमनुरीची पोरगी, दिली सेनगावला. मेहंदीच्या दिवशी तिच्या बहिणींनी तिला असं काही चिडवलं की ती मान मागं टाकून हसली. केस मोकळे, दोन्ही हात मेहंदीनं भरलेले, त्यामुळं तोंडावर हात धरायची सोय नाही. गुलनाजनं तो क्षण बराबर पकडला. इतका चांगला फोटो आपल्या हातून कधी निघाला नव्हता, असं तिनं घरी आल्यावर आईला सांगितलंही.

उन्हाळ्यात एका दुपारी कहकशाची आई दुकानात शिरली. बसली नाही. मोबाइल गुलनाजच्या तोंडासमोर धरला. कुण्या अल्बमवाल्याची जाहिरात होती. गाणं वाजत होतं, अल्बमची पानं एकेक उलटत होती, आणि मधल्याच एका पानावर कहकशा मान मागं टाकून हसत होती.

"अय्याजच्या दोस्तांच्या ग्रुपवर फिरून राहिलं हे," ती म्हणाली. अय्याज म्हणजे कहकशाचा नवरा. "सासूनं पोरीला माहेरी धाडून दिलं. म्हणती, फोटो कुणाला दिला ते आधी सांग. तू बोली थी ना, फोटू तेरेच हात में रहते?"

गुलनाजनं मोबाइल हातात घेतला. तो अल्बम कुणाचा हे तिला पहिल्याच पानाला कळलं होतं.

नांदेडला सोहेल नावाचा एक जण अल्बम तयार करायचा. गुलनाज सगळ्या लग्नांचे फोटो त्याच्याकडं पाठवायची. तो पानं मांडायचा, रंग सुधारायचा आणि छापून द्यायचा. तालुक्याच्या सगळ्याच फोटोग्राफरांचं काम असंच चालायचं. ती दुसऱ्याच दिवशी बस धरून नांदेडला गेली.

"आपा, नाव थोडंच टाकलंय?" सोहेल खुर्चीवरून उठत म्हणाला. त्याला खरंच काही वाटलेलं दिसत नव्हतं. "फोटो बेस्ट होता म्हणून घेतला. गिऱ्हाइकाला काम तर दाखवावं लागतं." त्यानं तिच्यासमोर जाहिरातीचा तो व्हिडिओ काढून टाकला. "झालं ना आता?"

"ज्यांच्या मोबाइलात गेला त्यांचं काय करशील?"

सोहेल परत खुर्चीत बसला आणि कामाला लागला.

परतीच्या बसमध्ये तिला आधी नुसता सोहेलचा राग होता. वारंगा फाट्याला बस थांबली, चहावाले खिडक्यांशी ओरडू लागले, आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली. व्हिडिओ त्यानं आत्ता कुठं लोकांसमोर टाकला असेल. पण फोटो तर सोहेल पहिल्यापासून बघत होता. कोणती नवरी कोणत्या पानावर छान दिसेल, कुणाच्या गालावरचा डाग पुसायचा, हे एक परका पुरुष इतकी वर्षं ठरवत आला होता. तिनं त्याला माणसात कधी धरलंच नव्हतं. तिच्या लेखी ते छापायचं दुकान होतं. चुलीपाशी बसून ती जे वाक्य बोलायची, ते एकाही घरी खरं नव्हतं.

घरी बिलकीसनं सगळं ऐकून घेतलं. "सोहेलचं नाव सांग आणि मोकळी हो," ती म्हणाली. "त्यानं केलं, आपण न्हाई."

गुलनाज कहकशाच्या माहेरी गेली आणि सोहेलचं नाव सांगितलंच. पण तेवढ्यावर थांबली नाही. सगळेच फोटो त्याच्याकडं जात होते, हेही बोलली.

कहकशाच्या आईला ते उमजायला थोडा वेळ लागला. "म्हंजी आमच्या घरातल्या सगळ्या बाया त्यानं पाहिल्या?"

"हौ, खाला."

"आणि तू आमच्यात बसून जेवत होतीस."

आतल्या दारात कहकशा उभी होती. चेहरा सुकलेला. ती म्हणाली, "आपा, त्यानं पाहिलं ते पाहिलं. पण तिकडं सगळे म्हणून राहिले की मीच कुणाला तरी पाठवला. माझ्या बोलण्यावर कुणी भरोसा ठेवत न्हाई. तुम्हीच चला."

दोघी जीपनं सेनगावला गेल्या. अय्याजच्या घरी गुलनाजनं उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न लपवता. अय्याज मोबाइलकडं बघत बसला होता, मान वर केली नाही. सासूनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमच्या भरोशावर आमी मर्दांना बाहेर बसवलं होतं," एवढंच ती म्हणाली. मग सुनेकडं वळली. "जा, आत जा."

कहकशा आत गेली. संसार वाचला, असं लोक म्हणाले. पण पुढं काही दिवसांनी तिच्या आईकडून कळलं की सुनेचा मोबाइल सासूनं आपल्याकडं ठेवून घेतलाय. आईशी बोलायचं तरी सासूजवळ बसून. कहकशानं काही केलं नव्हतं हे त्या घरानं मान्य केलं, तरी मोबाइल परत मिळाला नाही.

गोष्ट गावभर झाली. बायका दुकानात येऊ लागल्या. कुणी तावातावानं, कुणी गयावया करत, पण मागणं एकच, आमचे फोटो पुसून टाक. गुलनाज प्रत्येकीला कॉम्प्युटरसमोर बसवायची आणि तिच्या डोळ्यांदेखत पुसायची. पुसण्याआधी बऱ्याचजणी एकेक फोटो बघत बसायच्या, हसायच्यासुद्धा, आणि मग म्हणायच्या, "हं, पुस आता." तिची कितीतरी वर्षांची मेहनत अशी गेली. ठरलेली लग्नंही हातची निघून गेली. मोहल्ल्यात समोरून येणाऱ्या बाया तिला बघून बोलणं थांबवायच्या.

याच दिवसांत मंजुळाबाई आल्या. जवळच्याच खेड्यातल्या, थोडी शेती असलेल्या. त्यांच्या लेकीची, प्रतीक्षाची हळद तोंडावर आली होती आणि काम गुलनाजला सांगून झालं होतं.

"पोरी, ऐकलं ते खरं हाय का?"

"खरं हाय, मावशी."

"मग आमच्या फोटूचं काय?"

"अल्बम आता मी स्वतःच करून राहिले. शिकतेय अजून. त्याच्यासारखा झकपक व्हायचा न्हाई आणि उशीरही लागंल. छापायला मात्र नांदेडलाच जावं लागतं. तिथल्या मशीनवाल्याच्या नजरेला पडणारच. न्हाई कसं म्हणू?"

"छापताना मी येऊन बसते तिथं," मंजुळाबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर छापंल, माझ्यासमोर पुसंल."

आणि त्या खरोखर आल्या. नांदेडच्या दुसऱ्या एका छपाईच्या दुकानात स्टूल मागवून मशीनला चिकटून बसल्या. मशीनवाल्यानं लेकीच्या फोटोकडं जरा जास्त वेळ बघितलं की म्हणायच्या, "काहून थांबला रे? फुडं चल." गुलनाजला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसू आलं.

आता ती कुठल्याही घरी गेली तरी ते जुनं वाक्य बोलत नाही. फोटो कुठं कुठं जाईल, कोण कोण बघेल, ते सांगते आणि बायकांना ठरवू देते. निम्म्याजणी ऐकून नको म्हणतात. काम पूर्वीइतकं राहिलेलं नाही. बिलकीस म्हणते, एवढं खरं सांगून कुणाचं पोट भरलंय? गुलनाज कॅमेरा उचलते आणि निघते.

गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या एका लग्नात कहकशा आली होती. गुलनाज कॅमेरा घेऊन तिथं होतीच. कहकशाला बघून तिनं कॅमेरा खाली केला. एवढ्या बायकांतून कहकशाच तिच्याकडं चालत आली. कडेवर लेकरू होतं.

"ह्याचा काढा, आपा. माझा नको."

गुलनाजनं नेम धरला. फोटोत कहकशाचा हात येत होता, लेकराला सावरणारा. "हात आला तर चालंल?" तिनं विचारलं.

कहकशानं जरा विचार केला. "न्हाई," ती म्हणाली, आणि लेकराला शेजारच्या बाईकडं दिलं. परक्या कडेवर ते रडू लागलं. तसाच रडतानाचा फोटो निघाला.

कहकशानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मन लावून पाहिला. "अम्मीच्या मोबाइलवर पाठवा," ती म्हणाली. "मग तुमच्याकडचा काढून टाका. माझ्यासमोर."

गुलनाजनं फोटो आपल्या मोबाइलवर घेऊन पाठवला. मग मोबाइल आणि कॅमेरा तिच्याकडं वळवून धरले आणि दोन्हींतला पुसला. कहकशानं लेकरू परत घेतलं आणि ती बायकांत जाऊन बसली, कॅमेऱ्याकडं पाठ करून.