दोन नावांची मास्तरीण

आमच्या मोठ्या जाऊबाईंना जितेपणी सगळे मास्तरीण म्हणायचे, म्हणून त्यांच्या नावाची भानगड कैक वर्षं कोणाच्या ध्यानातच आली नाय. भानगड आमच्याच घरानं करून ठेवलेली. मला विचाराल तर असल्या रिती चुलीत घालाव्यात, पण मला विचारतो कोण!

त्यांचं माहेर रोह्याच्या अलीकडचं निडी. बापानं, महिपती घरतानं, लेकीला रोह्याला ठेवून शिकवलं, मास्तरकीची परीक्षा द्यायला लावली. नाव चंद्रावती. सत्तावन्न साली तिला आमच्या म्हात्र्यांच्या घरात दिली आणि लग्नातच घोटाळा झाला. माझ्या सासूची सासू तेव्हा हयात होती, आणि तिचंही नाव चंद्रावती. सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाय, ही आमच्याकडची रीत. मग त्याच नावाची नवी सून आली तर माझ्या सासूनं तिला हाक मारायची कशी? ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात ‘हौसा’ लिहिलं, की झालं काम! बाईला कोणी विचारलंसुद्धा नाय.

पुढं तीन वर्षांत नवरा तापानं गेला. पुंडलिक त्यांचं नाव, माझे थोरले दीर. जाऊबाई माहेरी परतल्या. दाखले जुन्या नावाचे होते, त्यावर रोह्याला शाळेत लागल्या आणि पेपरातली जाहिरात बघून थेट आफ्रिकेत गेल्या. देशाचं नाव माझ्या तोंडात बसत नाय. तिथल्या पोरांना इंग्रजी शिकवायला आपल्याकडची पुष्कळ माणसं तेव्हा जात. उभी हयात त्यांनी तिकडं घातली. लढाई पेटली तेव्हा परत आल्या. माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून सासरी आल्या. रेशनकार्डावर पुन्हा हौसा पुंडलिक म्हात्रे!

चौऱ्याण्णव साली तिकडच्या एका जुन्या मैत्रिणीनं कळवलं की नवा कायदा झालाय, बाहेरून आलेल्या भाषेच्या मास्तरांनाही आता पेन्शन. फक्त बाई जिवंत आहे आणि हीच ती बाई आहे, असं इथल्या साहेबाच्या सहीचं पत्र दिवाळीच्या आत पोचलं पाहिजे. नायतर हक्क बुडाला.

मला आनंद झाला, पण जाऊबाईंचं तोंड पांढरं पडलं. दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं! गाठीचे पैसे सरत आले होते. मोतीबिंदूनं शिकवण्या सुटल्या होत्या. माझ्या नवऱ्याची कंपनी आज बंद पडते की उद्या, अशी गत. मला म्हणाल्या, “धाकटे, तिकडं रस्त्यात बंदुका वाजायच्या तेव्हा मी वर्ग सोडला नाय. पण म्हातारपणी तुमच्या दारात ताट घेऊन बसायची मला फार भीती वाटते गो.” मी त्यांना उगी म्हटलं.

पेणच्या तहसील कचेरीत आम्ही दोघी गेलो. साहेब तरणा होता, वाईट नव्हता, पण दुधानं तोंड पोळलेला. आदल्याच वर्षी कोणीतरी मेलेल्या बहिणीच्या नावावर पेन्शन खाताना सापडलं होतं म्हणे. तो म्हणाला, “कागद चंद्रावतीचे, रेशनकार्ड हौसाचं. पासपोर्ट कुठाय?” पासपोर्ट निडीच्या बंद घरात ट्रंकेत होता, तो एकोणनव्वदच्या पुरात ट्रंकेसकट गेला. तिकडून आलेल्या कागदावर फोटो होता, पण काळ्याभोर केसांच्या पोरीचा. तो बघून या म्हातारीला कोण ओळखणार?

“दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस आणा,” साहेब म्हणाला. “खोटं निघालं तर मात्र दोघी आत जाल.”

मी म्हटलं, मीच सांगते की! तर म्हणे तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा या परदेशात, तुमची माहिती ऐकीव. लग्नातली माणसं एकेक करून गेलेली. उरली एकच, आमची सासू. जन्मभर मिठागरात टोपल्या वाहिलेली, कानानं शाबूत, हट्टानं त्याहून शाबूत. तिला आम्ही आत्याबाई म्हणतो.

जायच्या दिवशी सकाळी जाऊबाईंना चहा जाईना. एसटीत त्या सारख्या समजावत होत्या, “आत्याबाई, साहेब माझं माहेरचं नाव विचारील. तेवढं सांगायचं.” आत्याबाई मान हलवायच्या. दर वेळी नुसती मानच! एकदा तरी नाव उच्चारतील म्हणून मी त्यांच्या ओठांकडं बघत राहिले, पण छे!

कचेरीत साहेबानं पुकारलं, “बायजा म्हात्रे.” आत्याबाई पुढं झाल्या.

“आजी, ही कोण?”

“माजी मोठी सून. हौसा.”

“मग चंद्रावती कोण?”

आत्याबाईंनी चटकन दोन्ही कानांना हात लावले. “अरे बाबा, ती तर वारली.”

साहेबानं पेन खाली ठेवलं. “चंद्रावती वारली?”

“व्हय. कवाच. माज्या हातानं पानी पाजलं शेवटचं.”

अगं बाई! म्हातारीच्या डोक्यात चंद्रावती म्हटलं की एकच, तिची सासू! मी घाईघाईनं सांगायला लागले तशी साहेबानं मला गप्प केलं. “तुम्ही बोलायचं नाही. आजींना बोलू दे.” दाराशी शिपाई उभा होता. त्याला म्हणाला, “हवालदारांना बोलवून आण. आणि दार लाव.”

जाऊबाई भिंतीला टेकल्या. जिनं वर्गावर वर्ग गप्प केले, तिलाही साहेबानं हातानं गप्प केलं. आता पेन्शन राहिली बाजूला, बाईला तुरुंगात टाकतात की काय! इंग्रजी शिकवून शिकवून केस पांढरे केले, ते काय तोतया म्हणवून घ्यायला?

साहेबानं आवाज चढवला. “आजी, नीट सांगा. या बाईचं माहेरचं नाव काय?”

“जे माज्या सासूचं, तेच.”

“सासूचं नाव काय?”

“ते कसं सांगू? सासूचं नाव घेव नये.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही?”

“म्हायती हाय रं! पन घेव नये.”

“माहीत असेल तर बोला. नाहीतर ही बाई मेलेल्या माणसाचे कागद घेऊन आली असं मी लिहितो.”

बाहेर बुटांचा आवाज आला आणि हवालदार आत शिरला. आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग जाऊबाईंकडं. तेव्हा कुठं म्हातारीला उमगलं की आपण काय करून बसलो. तिचा चेहरा कसनुसा झाला. मला भीती वाटली की ही आता रडत बसते आणि सगळंच बुडवते.

तिनं डोक्यावरून पदर घेतला. खाली वाकून जमिनीला हात लावला, स्वतःच्या गालांवर मारून घेतलं, पुटपुटली, “माय, माफ कर.” आणि साहेबाला काय एक सांगितलं नाय. भिंतीकडं तोंड करून मिठागरात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारतात तसा आवाज लावला.

“चंद्रावती! गो चंद्रावती!”

“ओ,” जाऊबाई म्हणाल्या.

विचार करून नाय म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं, बापानं अंगणातून हाक मारावी आणि लेकीनं ओ द्यावी तसं. सदतीस वर्षांत सासरच्या माणसानं त्यांना या नावानं हाक मारली नव्हती. त्या तिथंच, हवालदारासमोर, ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मग साहेब हवालदाराला म्हणाला, “जा तुम्ही.” शाई मागवली, आत्याबाईंचा अंगठा घेतला आणि सहीशिक्का ठोकला. माझा जीव भांड्यात पडला. मला तर शिक्क्याचा मुकाच घ्यावासा वाटला!

पण बाहेर जिन्यावर आत्याबाई थबकल्या. म्हणाल्या, “मेल्यावर सासूला काय तोंड दावू गो? नावानं हाक मारली मी. तीबी एकेरी.”

जाऊबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्या दंडाला धरलं.

“त्यांनी विचारलं तर सांगा, ‘हाक तुम्हाला नव्हती. माझ्या सुनेला होती.’”

आत्याबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, “परत त्या नावानं नाय हां हाक मारनार,” आणि सुनेच्याच हाताच्या आधारानं जिना उतरायला लागल्या.