शेजारच्या सीटवर ताई

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. कुणी फाटकाला धडक दिली, कुणी भाजीवाल्याचे टोमॅटो चिरडले, पण बाईंचा आवाज कधी चढला नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय कायम त्यावर. त्यांचा नियम एकच: गाडी सुरू झाली की फोन बंद, शिकणाऱ्याचाही आणि स्वतःचाही.

तो नियमच त्यांना आता टोचत होता. गेल्या थंडीत त्यांच्या धाकट्या बहिणीला स्वयंपाकघरात पक्षाघाताचा झटका आला. ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. काय होतंय ते तिला लगेच कळलं. तिने ताईला दोनदा फोन लावला. बंद. मग उजव्या हाताने भिंतीवर पातेलं आपटून तिने शेजारच्या शिंप्याला बोलावलं आणि त्याने तिला दवाखान्यात पोचवलं. पुढे चार महिने बाईंनी तिचा लुळा डावा हात चोळला, व्यायाम करवून घेतला, वेणी घातली. त्या दोन फोनांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी धाकटीला गाडी चालवायला परवानगी दिली आणि दुसऱ्याच दिवशी तिने भाड्याची लाल गाडी दारात आणून उभी केली. छत मागे दुमडलेलं.

"अगं, डोक्यावर छप्परच नाही हिला!"

"समुद्राच्या रस्त्याला छप्पर कशाला? चार दिवस जायचंय, चल."

"मग मी चालवते."

"तू शेजारी बसायचंस. आणि शिकवायचं नाही."

रस्ता कड्याच्या अंगाने जात होता. खाली निळं पाणी, दूरवर होड्या, वाऱ्याने बाईंचे पांढरे केस चौफेर उडत होते. बाईंना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांची नजर बहिणीच्या डाव्या हातावर होती आणि पाय या गाडीत नसलेला ब्रेक दाबत होता.

"ताई, गाडीचा पत्रा फाटेल."

"मी कुठे काय बोलले?"

तेवढ्यात वळणावर एक टेम्पो दुसऱ्या गाडीला मागे टाकत थेट समोर आला. बाईंनी चक्क डोळे मिटले. हॉर्न वाजला, चाकांखाली खडी करकरली आणि गाडी थांबली. डोळे उघडले तेव्हा टेम्पो निघून गेला होता आणि त्यांची गाडी रस्त्याच्या कडेला, कठड्यापासून हातभर अंतरावर, सरळ उभी होती. धाकटीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

बाईंना रडू फुटलं. अठ्ठावीस वर्षांत न रडलेली बाई, रस्त्याच्या कडेला हमसून हमसून रडली.

"मी फोन उचलला नाही गं," त्या म्हणाल्या. "तू तिथे पडली होतीस, आणि माझा फोन बंद."

धाकटीने पाण्याची बाटली पुढे केली. "एवढं पोटात ठेवून बसली होतीस? तू पाऊण तासाच्या अंतरावर होतीस. शिंपी सात पावलांवर. तू उचलला असतास तर मी तुझी वाट बघत बसले असते आणि हा हात गेला असता. डॉक्टरांनीच सांगितलंय, वेळेत आणलं म्हणून वाचलं."

"पण पहिल्यांदा लागला नाही, तर दुसऱ्यांदा कशाला केलास?"

"शिवी द्यायला."

बाई रडता रडता हसल्या. मग दोघी इतक्या हसल्या की जाणाऱ्या सायकलवाल्याने थांबून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"आत्ता झालं," बाई म्हणाल्या आणि सीटवर मागे रेलल्या.

पुढच्या गावापर्यंत धाकटी एकटीच बडबडत होती. उत्तर येईना म्हणून तिने बाजूला पाहिलं, तर ताई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. चालत्या गाडीत डोळा लागायची तिची ही पहिलीच वेळ. धाकटीने गाडीचा वेग थोडा कमी केला आणि जिथे जेवायला थांबायचं होतं ती खाणावळ मागे पडली तरी ती थांबली नाही.